मामंजींची थांबणारी गाडी

आमचे मामंजी तेल चाखून गाडीचं भविष्य सांगतात. कुणाच्याही पंगतीला बसले की आधी भाजीवरचा तवंग बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, जिभेला लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "यावर गाडी थांबायची न्हाई." माझ्या भावाच्या लग्नातही ते हेच बोलले. माझी आई अजून विचारते, भाजीत काय कमी होतं म्हणून. मी काय सांगणार?

मामंजी म्हणजे माझे सासरे. जहागिरी मोडल्या त्या साली आमच्या भागातल्या जहागीरदारांनी सामान विकायला काढलं. मामंजी मानवतच्या बाजारातून बैलजोडी आणायला म्हणून गेले आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या बैलांनी ओढत आणलेली लाल मोटार घेऊन आले. बिनछपराची, शर्यतीची. बसायला दोन जागा आणि घरात आम्ही सात माणसं. सासूबाई असत्या तर गाडी वेशीतूनच परत गेली असती, पण त्या आदल्याच साली गेल्या.

"बैल कुठं हायत?" आमच्या यांनी विचारलं.

"ही बैलापरीस जोरात पळती," मामंजी म्हणाले.

त्या दिवसापासून हे वडलांशी सरळ बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर भिंतीकडं तोंड करून सांगतात.

पळती कसली. पेट्रोल परभणीहून आणावं लागतं आणि ते कुणी आणत नाही. गाडी गोठ्यातून लिंबापर्यंत ढकलायची आणि परत गोठ्यात. पण तिचे ब्रेक मात्र पक्के पाहिजेत. "पहिलं थांबणं, पळणं मंग," हे मामंजींचं पालुपद.

ब्रेकात तेल असतं हे मला या गाडीमुळं कळलं. पाय दाबला की तेल नळीतून चाकापाशी जातं आणि चाक धरलं जातं. ते तेल कोणतं असावं, यावरून मामंजींनी घर डोक्यावर घेतलं. तिळाचं घातलं. करडईचं घातलं. गिरणीतलं इंजिनाचं काळं तेल घातलं, तर आतली रबरं पुरीसारखी फुगली. शेवटी जहागीरदारांचे जुने ड्रायव्हर होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी सांगितलं, एरंडेल आणि स्पिरिट. स्पिरिट दवाखान्यातून आलं. एरंडेल माझ्या फडताळातून. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल पळीनं काढायचं. डोळे चुरचुरतात, खांदे भरून येतात. लेकरांच्या पोटासाठी आणि दिव्यासाठी ठेवलेलं ते तेल हा माणूस दर अमावास्येला गाडीला पाजतो. अमावास्येलाच का, तर त्या दिवशी बैलांना औत नसतं. आमच्याकडं बैल नाहीत, पण सुट्टी आहे.

बरं, तेल एकट्यानं बदलता येत नाही. एकानं आत बसून पाय दाबायचा आणि दुसऱ्यानं खाली पडून चाकामागचा नट सैल करायचा, म्हणजे जुनं तेल बाटलीत येतं. नट आवळायच्या आधी पाय उचलला तर वारं शिरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे बसत नाहीत. लेकरांचे पाय पोचत नाहीत. राहिले मी.

पाय दाबला की वरच्यानं 'दाबलं' असं सांगायचं असतं. पण आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही. लेकरं शाळेत जायला लागली तरी मामंजींनी माझा आवाज ऐकलेला नाही. मग त्यांनीच तोड काढली. ते "दाब, माय" म्हणाले की मी पाय दाबायचा आणि बांगड्या वाजवायच्या.

अशी मी लिंबाखाली लाल गाडीत बसते, डोक्यावरून पदर घेऊन. पाण्याला निघालेल्या बाया कुडावरून बघतात.

"काय गं, परभणी आली का?" एक विचारते.

"येताना बांगड्या भरून ये, तुज्या वाजवून वाजवून फुटायल्यात," दुसरी म्हणते.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढते आणि आत दातओठ खाते. खाली मामंजींचं पुटपुटणं चालूच असतं. हरभऱ्याला घाटे लागायलेत. तांबडी गाय उठंना. मी लक्ष देत नाही.

गेल्या महिन्यात उस्ताद आले होते. ते आता लॉरी चालवतात. मी दाराआड उभी होते.

"फिर तेल बदले क्या बाबा?" ते हसत म्हणाले. "मैं पहिलेच बोला था, सालमें एक बार बस है."

"हळू बोल," मामंजी म्हणाले आणि त्यांनी स्वैपाकघराकडं बघितलं.

म्हणजे मामंजींना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. इतक्या अमावास्या, इतकं एरंडेल, बायांची ती बोलणी. रीत गेली चुलीत, आता तोंडावर बोलायचं, असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा पाठ केलं, "मामंजी, वर्षातून एकदा."

अमावास्येला गाडीत बसले.

"दाब, माय."

मी पाय दाबला. बांगड्या वाजवल्या नाहीत. हात मांडीवर घट्ट धरले आणि वाक्य जुळवत बसले.

"तांबडी आज उभी ऱ्हायली बग," खालून आवाज आला. मग हळूच म्हणाले, "ऐकायलीस ना, माय?"

घरात त्यांचं ऐकायला दुसरं होतं कोण! पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

"ऐकायलेय, मामंजी," मी म्हणाले. "मंग काय झालं?" आवाज रागाचाच होता, दुसरा काढायला वेळ मिळाला नाही.

खाली पाना नटावर फिरल्याचा आवाज झाला आणि थांबला. कुडावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या.

"मंग," मामंजी म्हणाले, "मंग तिनं मान हलवली." आणि त्यांनी गायीचं सगळं सांगितलं. ती कशी उठली, किती चारा खाल्ला, वासरू कसं धावत आलं. मी मधून मधून "हं" म्हणत गेले. नट तसाच सैल राहिला होता, खाली बाटली लावायचीही राहून गेली होती. गोष्ट संपली तेव्हा गाडीतल्या ब्रेकच्या तेलाच्या डबीत थेंब नव्हता आणि माझं सगळं एरंडेल लिंबाच्या मुळाशी गेलं होतं.

आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. एरंडी भाजायला टाकली आहे, आणि राग गेलेला नाही.