कोणीच न लावलेलं लग्न

अबोलीचा डेन्व्हरहून फोन आला तेव्हा डॉक्टर गिरीश सबनीस टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या घरात पीतांबराला इस्त्री करत होते. हृदयरोगाची प्रॅक्टिस सोडल्यापासून त्यांनी महाराष्ट्र मंडळातल्या कितीतरी मुलांची लग्नं हौसेने लावली होती. प्रत्येक विधीचा अर्थ ते इंग्रजीत, उदाहरणं देऊन सांगत. त्यांच्या लेखी ती सगळी तालीम होती. खरं लग्न लावायचं ते लेकीचं.

अबोली म्हणाली, "बाबा, आम्हाला कोणीच नकोय. वी विल मॅरी अवरसेल्व्ज."

असं चालत नाही हे सिद्ध करायला डॉक्टरांनी कायदा काढून पाहिला. कोलोरॅडोत चालत होतं. नवरानवरीने आपणच सह्या करायच्या की झालं. मग त्यांनी नुसती मंगलाष्टकं म्हणतो म्हणून पाहिलं. मग एकच श्लोक. मग गप्प राहून शेजारी उभं राहण्याचीही तयारी दाखवली. अबोली दर वेळी गोड आवाजात नाही म्हणाली.

लग्नाच्या दिवशी डेन्व्हरच्या हॉटेलमधून निघताना ते पुन्हा कुरकुरले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंचा धीर सुटला.

"अहो, तिला भटजी चालला असता. तुम्ही नको आहात. तुम्ही बोलायला लागलात की लोक नवरानवरीला विसरतात. तोंडावर सांगवेना, म्हणून बिचारीने हा कायदा शोधला."

आज आपण तोंडच उघडणार नाही, असं डॉक्टरांनी जाहीर केलं. बाईंनी देवाचे आभार मानले.

डोंगराच्या पायथ्याशी हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. अबोली आणि राज समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. वाऱ्यामुळे पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. अंगठ्या घातल्या. मग दोघं नुसतेच हसत उभे राहिले. पाहुणे अक्षता मुठीत धरून ताटकळले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. हळूहळू सगळ्या माना डॉक्टरांकडे वळल्या.

मंडळातला जुना मित्र चंद्रशेखर मागून म्हणाला, "गिरीश, लागलं का रे?"

डॉक्टर डोंगराकडे बघत राहिले. करा म्हणावं आता स्वतःचं स्वतः. मनातून त्यांना बरंही वाटत होतं. पण अबोलीचं हसू थिजत चाललं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि लहानपणी सायकलवरून पडायच्या बेतात असताना बघायची तशीच ती बघत होती.

डॉक्टर उठले. वर्षानुवर्षं घोटलेलं भाषण ओठांवर आलं होतं. पण अबोली अजून तशीच बघत होती.

"लागलं," एवढंच ते म्हणाले.

अक्षतांचा पाऊस पडला. अबोली धावत येऊन गळ्यात पडली, आणि डॉक्टरांना वाटलं, शेवटी आपणच लावलं की हे लग्न.

जेवताना चंद्रशेखर ताट घेऊन शेजारी बसला. येत्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचं, वल्लरीचं, लग्न डॉक्टरच लावणार होते.

"फार छान झालं यार," तो म्हणाला. "वल्लरी पण असंच करू म्हणतेय. टेक्ससमध्ये चालतं का असं?"

"नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "टेक्ससमध्ये अजिबात चालत नाही."

"हरकत नाही," चंद्रशेखर जिलबी मोडत म्हणाला. "आम्ही इथेच येऊ. तू ये हं नक्की, पहिल्या रांगेत बस."