बर्फाखालची पंगत

शिरीषच्या टेबलाच्या वर तीन वर्षं आमटी वाढायचा एक लाकडी डाव टांगलेला होता. हिवाळी मासेमारी स्पर्धेत जो शेवटचा येईल त्यानं तो वर्षभर डोक्यावर मिरवायचा, अशी आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावच्या त्या ऑफिसची पद्धत होती. पहिल्या वर्षी शिरीषही सगळ्यांबरोबर हसला. पण तिसऱ्या वर्षी सफाईवाल्या बाई त्या डावावरची धूळ मायेनं पुसायला लागल्या, तेव्हा ते त्याला चांगलंच लागलं. त्यातून सोमवारी पुण्याचा अभिजित रुजू होणार होता. कॉलेजातल्या या ज्युनियरला शिरीषनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "वीकेंडला फिशिंग असतं रे इथे. बऱ्यापैकी हात बसलाय आता."

म्हणजे रविवारी काहीही करून तो डाव दुसऱ्याच्या गळ्यात मारायलाच हवा होता.

२०१८च्या मार्चमधलं ते हिमवादळ नुकतंच ओसरलं होतं. स्पर्धा रद्द होईल अशी शिरीषला आशा होती, पण टीम लीड डेक्लननं सकाळीच मेसेज टाकला, 'तळं गोठलंय. ग्रँड! धक्क्यावर बसून भोकं पाडू. बर्फावर कुणी पाय ठेवायचा नाही.'

उल्का, म्हणजे शिरीषची बायको, त्याला सोडून लगेच परत जाणार होती. पण तळ्याशी गाडीचं चाक बर्फात रुतलं. ती ढकलताना शिरीष असा आपटला की खिशातली अळ्यांची डबी फुटली, आणि गळाला लावायच्या अळ्या बर्फावर पसरल्या. तो उठून उभा राहीपर्यंत लाल छातीच्या एका चिमुकल्या पक्ष्यानं त्यांच्यावर ताव मारलासुद्धा.

"आता गळाला काय लावू? माझं बोट?"

"डब्यात पोळीचे लाडू आहेत ना," उल्का म्हणाली. शिळ्या पोळ्या, गूळ आणि भरपूर तूप. दुसऱ्याकडे अळ्या मागणं शिरीषच्या पुणेरी स्वभावात बसत नव्हतं. गाडी काढायला बोलावलेला ट्रॅक्टरवाला यायला वेळ होता, म्हणून उल्काही धक्क्यावर येऊन बसली.

शिरीषनं बर्फात भोक पाडलं, लाडवाचा गोळा गळाला लावला आणि खाली सोडला. पाणी उथळ आणि नितळ होतं. तळहाताएवढे रोच मासे तळाशी थंडीनं सुस्तावून पडले होते. एखादा यायचा, लाडवाजवळ तोंड न्यायचा आणि मागे फिरायचा. शिरीष हाताची घडी घालून समोरच्या झाडाकडे बघत बसला.

"हे काय करून राहिलास?" उल्कानं विचारलं.

"फिशिंग. पेशन्स लागतो याला."

"वाढून ठेवलं आणि बसला दुसरीकडे पाहत! असं कोणी जेवतं का?"

"ज्याला हवंय तो घेईल. उगाच मागे कशाला लागायचं?"

शिरीषच्या घरी पाहुण्याला एकदा विचारत. तो नको म्हणाला की पातेल्यावर झाकण पडे. उल्काच्या नागपूरच्या माहेरी मात्र पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी ऐकतच नसे. खुद्द शिरीष तिला बघायला गेला होता तो 'नको' म्हणायचं ठरवूनच, आणि परत आला तो साखरपुड्याची तारीख घेऊन. हे कसं घडलं, ते त्याला आजवर उलगडलं नव्हतं.

"काठी आण इकडे," उल्का म्हणाली.

"नियम आहे. ज्याची काठी त्याच्याच हातात."

"मग मी सांगते तसं कर. तो ढेकळाएवढा गोळा काढ आधी. पाहूनच पोट भरतं. हरभऱ्याएवढा लाव, चवीपुरता. आता जरा हलव. वाढणाऱ्याचा हात हलता पाहिजे."

एक जाडसा मासा आला, थबकला आणि वळला.

"नको म्हणतोय."

"म्हणू दे. पुन्हा दाखव."

"पुन्हा नको म्हणाला!"

"आता म्हण, बरं बाप्पा, राहू दे."

"माशाला?"

"मनातल्या मनात म्हण आणि काठी हळूच वर घे. एकदम नाही! नेतोय असं वाटलं पाहिजे, पण त्याचं तोंड पोचलं पाहिजे."

शिरीषनं मनात 'राहू दे' म्हटलं आणि काठी इंचभर उचलली. मासा झडप घालून आला. काठी वाकली, शिरीष ओरडला आणि चकाकता रोच धक्क्यावर उड्या मारू लागला.

मग पंगतच बसली. मोजायचं, पाण्यात सोडायचं आणि पुढच्याला वाढायचं! इतरांना जेमतेम एकेक मासा लागला होता. दरवर्षी जिंकणाऱ्या डेक्लनला तर तोही नाही. तो बघायला आला, तसा उल्कानं डबा पुढे केला. "नो, नो, आय'म ग्रँड," तो आयरिश रिवाजाप्रमाणे दोनदा 'नको' म्हणाला. तिसऱ्यांदा उल्काला विचारावंच लागलं नाही.

शेवटी शिरीषनं पिशवीतून लाकडी डाव काढला आणि दोन्ही हातांनी डेक्लनपुढे धरला.

"अ‍ॅह, नो," डेक्लन मागे सरकला.

"असं कसं? घ्यायलाच हवा! आमच्या आग्रहाखातर!" शिरीष म्हणाला, आणि सगळ्या धक्क्यानं टाळ्या वाजवल्या. इतका आनंद त्याला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

ट्रॅक्टरनं गाडी काढून दिली. निघण्याआधी उल्कानं डबा उघडला. एकच लाडू उरला होता.

"घे."

"नको. हाताला माशांचा वास येतोय."

"अर्धा?"

"नको गं, खरंच."

"बरं, राहू दे मग," उल्का म्हणाली आणि डबा हळूच मागे नेऊ लागली.

शिरीषचा हात झटकन डब्यात गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"उल्का, तेव्हा नागपूरला मी नको म्हणणार होतो."

"म्हणालासच की. दोनदा."

"मग?"

"मग मी तुझ्यासमोरची चिवड्याची बशी उचलली आणि बाबांना म्हटलं, यांना घाई दिसते, राहू द्या." उल्कानं गाडी सुरू केली.

शिरीषनं डब्यातला लाडू उचलला. "मासे तरी आम्ही परत सोडले," तो म्हणाला. मग त्यानं लाडू मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

"नको, गाडी चालवते आहे."

"घे गं, एवढासा."

"नको म्हटलं ना."

"बरं, राहू दे," शिरीष म्हणाला आणि हात हळूच मागे घेऊ लागला.

उल्कानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली.