सातवं प्रकरण : सुटलेली पकड

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. आधी लाज वाटत होती, मग फार उशीर झाला असं वाटलं, आणि अलीकडे गुडघेदुखीचं निमित्त मिळालं. पण गजूभाऊंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, तेव्हा आता लिहायलाच हवं.

आशागडचे गजूभाऊ माणसाचा चेहरा पाहत नाहीत, घोटा पाहतात. डहाणू रोडच्या बाजारात कुणी नमस्कार केला की त्यांची नजर थेट खाली जाते. गावचे तलाठी त्यांच्या लेखी 'बारीक घोट्याचे, निसटणारे'. बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाला ते सांगतात, "तुम्ही डावा कोपरा सांभाळा, मी मध्ये आहे." चिकू घ्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर वाडीत घोटा पकड समजावली, तीही गुजरातीत. व्यापारी चिकूच्या ढिगात बसला. गजूभाऊ समाधानानं म्हणाले, "पाय आधी, ताकद नंतर."

त्यांचं पुस्तक कबड्डीचं. आपल्या भागातला इतिहास आणि खेळातली कौशल्यं. चित्रं त्यांनीच काढली. सगळे खेळाडू कमरेपर्यंतच, वर काही नाही. नियम एकच : दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय सामना पुस्तकात घ्यायचा नाही. एका गुणासाठी ते तलासरीला चार खेपा गेले. तिथले दोन म्हातारे तो गुण कुणाचा यावरून नव्यानं भांडले, तर दोघांना एका ताटात जेवायला बसवून आले.

सातवं प्रकरण घोटा पकडीचं. त्यात पकड कशी चुकते, याला उदाहरण म्हणून स्वतःलाच घेतलंय. आगर विरुद्ध आशागड, अंतिम सामना, शेवटची चढाई. चढाईला गेलो होतो मी, आगरचा.

गजूभाऊंनी माझा घोटा धरला. मी मध्यरेषेकडे झेपावलो आणि वीतभर अलीकडे थांबलो. धुरळा उडाला होता, पंचांना काही दिसलं नव्हतं. मी हात वर केला. बोटांना रेषेची पांढरी फक्की लागलेली होती. पंचांनी गुण आम्हाला दिला. आशागडवाले पंचांवर धावून गेले, तेव्हा गजूभाऊच आडवे आले. म्हणाले, "बोटं दाखवतोय ना तो? म्हणजे टेकली असणार. माझीच पकड सुटली."

त्यानंतर ते मैदानात उतरले नाहीत. माझ्याकडे मात्र दर हंगामाला चिकूची टोपली येत राहिली.

पहिल्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी ते प्रकरण माझ्यापुढे ठेवलं. "मास्तर, दुसरी बाजू तुझी. बघून सही कर." मी 'बरोबर आहे' असं लिहून सही केली.

गेल्या महिन्यात पुन्हा तेच पान आलं. या वेळी खरं सांगायचं ठरवून मी आशागडला गेलो. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. ओटीवर बसून त्यांनी खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला होता, डोळे मिटलेले. मला बघून ओशाळले. रोज संध्याकाळी धरून बघतात, म्हणाले. करंगळी सैल पडली असावी की अंगठा, ते अजून कळत नाही.

"सापडेल रे," ते म्हणाले. "चूक माझी आहे, तर मलाच सापडणार."

मी चहा प्यायलो, आवृत्तीच्या कागदाबद्दल बोललो आणि परत आलो.

तेव्हा हे पान सातव्या प्रकरणाच्या प्रुफांना टाचून उद्या पाठवतो आहे. गजूभाऊ प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचतात, हीही वाचतील. मग तरी खाटेचा पाय सुटेल. दुसरी बाजू अशी आहे :

गजूभाऊ, चढाईला निघताना आम्ही सगळेच मध्यरेषेला हात लावून नमस्कार करायचो. माझी बोटं तेव्हाच पांढरी झाली होती. तुमची पकड सुटली नव्हती. मला माफ करा.