विरोधी बाजूचे मेश्राम सर

"आज ऊन फार आहे," असं कुणी म्हटलं की मेश्राम सर उघडी छत्री मिटतात आणि उन्हात उभे राहून विचारतात, "फार म्हंजे कितीक? मुद्दा सांगा!" चहा दिला तर पितात, पण आधी चहाच्या विरोधात दोन मिनिटं बोलतात.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या शाळेतून ते निवृत्त झाले, तरी उन्हाळी वादविवाद शिबिराला मी त्यांनाच बोलावते. घरात ते एकटेच असतात.

यंदा विषय होता, 'शिकण्यासाठी गाव सोडावं का?' लालबर्‍याची पायल बाजूनं बोलली. मलाजखंडचा रोहित लगेच उसळला, "मॅडम, ये गलत बोल रही है!"

सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "थांब बाबू. थे काय म्हणली, पयले सांग."

"म्हणली का गाव बेकार हाय."

"काहून गं, असंच म्हणली तू?"

"नाही सर."

"मंग फिरून सांग."

रोहित चारदा चुकला. पाचव्यांदा अडखळत म्हणाला, "तिले गाव आवडते. पण तिले जे शिकायचं हाय, थे इथं नाही. अन् जायचं म्हणलं तं भेव लागते."

"भेव मी म्हणलं नव्हतं," पायल हळूच म्हणाली. "पण हौ."

आता रोहितनं विरोधात बोलायचं होतं. त्याला एकही मुद्दा सुचेना. सगळे हसले. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

संध्याकाळी पोरं गेल्यावर मी म्हटलं, "सर, शाळेत असताना 'आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगा' हा तुमचा नियम नव्हता. तुम्ही तर समोरच्याला बोलूच द्यायचा नाहीत."

मला वाटलं, आता विरोध होणार. सर खुर्चीत बसले.

"माह्या पोरीले नागपूरले शिकाले जायचं होतं. दोन घंटे बोलली. मी तिचा एकेक मुद्दा पाडला. तरी गेली. मंग आलीच नाही." "मॅडम, माहे सगळे मुद्दे मले आजही पाठ हायत. तिचा एकबी सांगता येत नाही."

"फोन करून विचारा ना."

"सांगन का थे?"

मला काय माहीत! मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. शेवटी त्यांनी चष्मा लावून तिचा नंबर काढला. पलीकडून 'हॅलो' आलं.

"तू तव्हा काय म्हणत होती, थे सांग," सर म्हणाले. "मी आयकून राह्यलो."

मग कितीतरी वेळ ते एक शब्दही बोलले नाहीत.