मानाच्या नळीचा तह

श्रीभैरवनाथ प्रसन्न. शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबीनाम संवत्सर, आषाढ वद्यपक्षी मुळशी मुलखात कासार आंबोलीचे वरले अंगास जी दौलत बुडता बुडता राहिली, तिची हकीकत सादर करितो. लेखक पंक्तीस हजर होता, सबब खाल्ल्या रश्श्यास जागून लिहितो.

त्या जागी चार घरांची सावड. आज याचे खाचरी, उद्या त्याचे, सर्वांनी मिळोन भात लावावे ऐसा वडिलांपासोन करार, आणि सावडीचे सरलष्कर राजश्री कोंडाजी. परंतु गुदस्ता लावणीअखेरचे जेवणी बोकडाची मानाची नळी, म्हणजे मगजभरले हाड, कोंडाजींचे ताटी पडली, आणि राजश्री बहिरूजी भर पंक्तीतून उठोन, "आमाला कुनाची गरज न्हाई," ऐसे वदोन बैलजोडीसुद्धा सावडीतून खारीज झाले. मुलखात बळकट जोडी तीच.

मग यंदा आषाढ आला. बहिरूजींनी चिखलणी फत्ते केली, परंतु लावणीस नवराबायकोचे हात चार, आणि रोप तरव्याचे वाफ्यातच जून होऊ लागले. तिकडे सावडीस हात उदंड, परंतु बैल रोडके, ते चिखलात गुडघे टेकोन बसले. आणि उभयतां सरदार 'आधी तो येवो' म्हणोन मिशांस पीळ भरीत राहिले. बहिरूजींचे कुटुंब सगुणाबाई, त्यांस मात्र वर्षाचे दाणे जाताना दिसत होते.

मग पौडचे नबीलाल मुलाणी यांनी वकिली पत्करली. श्रावण लागता मांस बंद, आणि मुलाण्याचा बोकड कापावयाचा वाटा हुकतो, सबब त्यांस कळवळा फार. छत्री घेऊन तीन दिवस हेलपाटे घातले आणि तह ठरविला. कोणी कोणाचे खाचरी आधी पाय घालू नये, भेट मधले बांधावर व्हावी. बहिरूजी परत आले ऐसे न म्हणावे, गेलेच नव्हते ऐसे म्हणावे. नळी कोयत्याने दुभंगोन निम्मी निम्मी द्यावी. कोयता कोणाचा, याजवर आणिक एक दिवस खर्ची पडला.

मग दशमीस उभय पक्ष बांधावर चढले, आणि इतक्या मातबरांचे भारे बांधच खचला. बहिरूजींचे खाचराचे पाणी धो धो निघाले. परंतु तह आडवा, कोणी उतरेना. तेव्हा सगुणाबाई पदर खोचोन गरजल्या, "पानी चाललं समदं, आन् तुमी मान मोजताय व्हय? सारजाक्का, या हितं!"

कोंडाजींचे कुटुंब सारजाबाई, त्यांनी उडी घातली. मग उभयतांनी खिंडार बुजविले आणि वाकल्या त्या वाकल्याच, रोप लावू लागल्या, मागोमाग सावडीच्या समस्त बाया. बैलजोडीही सगुणाबाईंनीच सोडोन कोंडाजींचे रानी धाडली. वरते तहनामा वाचून होईतो खाली निम्मे रान हिरवे झाले.

अवसेचे आदले दिवशी पंक्त बैसली. कोयता परजला आणि उभय सरदारांनी ताटे पुढे सारिली. परंतु पळी सारजाबाईंचे हाती होती. बाया अजोन जेवावयाच्या होत्या, तरी त्यांनी नळी सगुणाबाईंचे ताटी घातली आणि म्हणाल्या, "खा गं बाई, लई वाकलीस." सगुणाबाईंनी ती सर्वांदेखत सावकाश चोखली. सरदार रश्श्यात भाकरी कुस्करू लागले.

येणेप्रमाणे कोंडाजी व बहिरूजी यांस मोठे यश आले, ऐसे नबीलालांचे हातचे तहनाम्यात नमूद आहे. भात कोणी लाविले, ते लिहावयाचे राहोन गेले.