सिदोजी मल्लाच्या तुपाचे व भाकरीचे प्रमाण ठरले त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णेस वंदन करून, धन्याच्या खाल्ल्या अन्नास जागून, जैसे घडले तैसे लिहितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी आपले राज्य व उत्तरेकडील राज्य यांमध्ये घाटावरील झऱ्याचा व कुरणाचा कलह पुनः उभा राहिला. मागे त्यापायी लढाया होऊन उभयपक्षी माणूस फार पडले होते, सबब उभय राजे एकविचारे बोलिले की आता शिपाई न मारावे, चैत्री पौर्णिमेस मल्ल झुंजवावे, आणि ज्याचा मल्ल जिंकेल त्याने झरा व कुरण घ्यावे.

आपले पक्षी मल्ल सिदोजी खराडे. देह तीन मण, मान वळूची, पंचक्रोशीत जोड नाही. परंतु महाराजांनी तालमीत येऊन पाहिले, तो दुसऱ्याच जोडीस सिदोजी धापा टाकू लागला आणि ओठ पांढरे पडले. मग महाराज चिंतावले आणि विरूपाक्ष वैद्य यांस पाचारण केले. वैद्यांनी आहार पुसिला. सिदोजी अभिमाने बोलिला, "रोज शेरभर तूप, वरी बदामाचा हलवा. भाकरी चतकोर. भाकरी तो कोणीही खातो. तूप मल्ल खातो." वैद्य बोलिले, "तूप म्हणजे ओंडका, सावकाश जळतो. भाकरी म्हणजे काटकी, तत्काळ पेटते. आखाड्यात ज्वाळा पाहिजे, आणि तुमचे चुलीत काटकी नाही." मग सिदोजीस तराजूत बसवून वजन घेतले, आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत बसून श्रम किती ते पाहिले, आणि प्रमाण बांधिले ते ऐसे: आधी डाळ, दूध व मांस देहाचे वजनावर ठरविले, मग तूप, तेही वजनावर, नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, रोज सारखे, आणि मग जी भूक राहिली ती अवघी भाकरी-भातास दिली, ते श्रमाचे मानाने, जोर फार त्या दिवशी सव्वा शेर, विसाव्याचे दिवशी निम्मे.

सिदोजीने ताट दूर सारिले. म्हणाला, "माझ्या बापाने तूप पिऊन नाव केले. नवटाकावर मी आखाड्यात उतरलो तर लोक म्हणतील, राज्य दरिद्री झाले." दरबारीही तेच कुजबुजू लागले. तेव्हा महाराज सिदोजीचे पंक्तीस येऊन बसले आणि बोलिले, "आम्हांसही मापून वाढा. लोकांस आम्ही उत्तर देऊ." वैद्य हात जोडून बोलिले, "स्वामींस हे प्रमाण लागू नाही. स्वामींचा देह दोन मण, आणि श्रम म्हणावे तर गादीवर बसण्याचे. स्वामींस भाकरी एकच." पंक्तीतील माणसे खाली पाहू लागली. महाराज हसले, आणि एक भाकरी जेवून उठले. ते पाहून सिदोजी गहिवरला आणि म्हणाला, "धन्यांनी घास सोडिला, मग मज तुपाचा मोह कशास?" आणि ताट पुढे ओढिले.

आरंभी फार कठीण गेले. सिदोजी चिडे, अपरात्री उठून पाणी पीत बसे, आणि जोर निम्मेही निघेनात. वैद्यांनी पुनः तालमीत बसून पाहिले आणि सर्वांदेखत बोलिले, "चूक माझी. श्रम कमी धरिले." मग भाकरी वाढविली, तूप तैसेच ठेविले, आणि माघ सरता सरता सिदोजी सात जोडी खेळून गाणे म्हणत घरी जाऊ लागला.

चैत्री पौर्णिमेस आखाडा भरला. त्यांचा मल्ल बाणाप्पा, सिदोजीहून वीतभर उंच, शूर आणि सरळ मनाचा. त्याने प्रथम सपाट्यातच सिदोजीस गुडघ्यावर आणिले आणि आपले लोकांचे काळीज हलले. परंतु सिदोजी सुटला, आणि पुनः धरिला, पुनः सुटला, आणि उन्हे कलती झाली तेव्हा बाणाप्पाचा श्वास भात्यासारखा वाजू लागला, आणि सिदोजी मात्र अद्याप नाकानेच श्वास घेत होता. मग सिदोजीने ढाक नावाचा डाव मारून त्यास आकाश दाखविले, आणि लगेच हात देऊन उठविले. नगारे वाजले. महाराजांनी आपले गळ्यातील शेला सिदोजीस पांघरविला, तो त्याने वैद्यांचे खांद्यावर घातला.

उत्तरेकडील राजे उदार मनाचे. ते स्वतः येऊन वैद्यांस बोलिले, "आपले ते प्रमाण आम्हांस द्या." वैद्य बोलिले, "देतो, परंतु तुमचे मल्लास तोलल्यावाचून नाही. एकाचे ताट दुसऱ्याचे पोटास लागत नाही." तेव्हा बाणाप्पा आपण होऊन तराजूत बसला. आणि महाराजांनी आज्ञा केली की झरा आमचा, परंतु त्या अंगाची गुरे पाणी पिण्यास आली तर कोणी हाकलू नये.

सारांश, झरा व कुरण राज्यात आले आणि एकही चूल विझली नाही. तलवारीने मुलूख मिळविणारी राज्ये थोर खरी, परंतु मापून जेवून मिळविणारे हे एकच, आणि त्याचे मीठ आम्ही खाल्ले, हे लिहिताना लेखणीस मान वाटतो.