सेतुकाकांचं तळ्याकाठचं घर

सेतुकाकांच्या गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालायला जायचं तर आधी दारातून आत जावं लागे, आणि तिथं दार नव्हतं. सिमेंटच्या जमिनीवर चुन्यानं ओढलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, एवढंच. त्यातल्या एका रेघेत तीन फुटांची फट सोडली होती. ते दार. पहिल्या दिवशी मी परात डोक्यावर घेऊन सरळ रेघा ओलांडत निघाले, तर जिन्याच्या तोंडाशी बसलेले काका म्हणाले, "दारांतनं ये."

"कुठलं दार?"

"भिंतींतनं आलीस तूं. मागं जा आणि दारांतनं ये."

मी शाळेत शिकवते. हुकूम सोडायची सवय आहे, पाळायची नाही. पण ऊन रणरणत होतं, आणि काकांशी वाद घालण्यापेक्षा परत फिरणं लवकर आटोपलं असतं. मी मागे गेले, फटीतून आत शिरले, आणि वडाम कुठं घालू म्हणून विचारलं. "तें न्हाणीघर," काका म्हणाले, "तिथं नक्को. कूडमांत घाल." मी दिवाणखान्यात वडाम घातले.

सेतुमाधव राव हे त्यांचं पूर्ण नाव. तमिळ मुलखातल्या आमच्या गावात, राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांची आणि आमची भिंत एकच. तीस वर्षं सरकारी कचेरीत कालव्यांचे आणि मोऱ्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं शाल दिली. ती त्यांनी कपाटात ठेवली आणि मोजायची टेप खिशात. लग्नाला गेले तर पंगतीत केळीचं पान मोजत. आमच्या आईनं एकदा "दोन मुठी तांदूळ द्या" म्हणून सांगितलं तर म्हणाले, "कोणाच्या मुठी? अंदाज नक्को, माप सांग." आई तांदूळ न घेताच परत आली.

माणूस वाईट नव्हता. डोकं उठवायचा, बस.

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पिवळा एसटीडी बूथ नुकताच आला होता, घरोघर केबलची तार लोंबायला लागली होती, आणि स्टेशनजवळ एसीचं मोठं हॉटेल उघडलं होतं. एक दिवस काकांना त्यांच्या मुलाचं, रघुचं, अमेरिकेहून पत्र आलं. सोबत फोटो. सात वर्षांची नात मीना वाळूत उभी, मागे निळं पाणी. रघुनं लिहिलं होतं की दर उन्हाळ्यात ते एका तळ्याकाठच्या लहानशा गावात आठवडाभर घर भाड्यानं घेतात. काका फोटो आणि भिंग घेऊन आमच्याकडे आले.

"हें तळं म्हणे. तळ्याला वाळू कशी?"

"समुद्र असेल," आई म्हणाली.

"रघु खोटं कशाला लिहील? आपल्या शिवगंगा तळ्याला पायऱ्या आहेत. वाळू पाहिलीस कधीं?" मग जरा थांबून, "आणि सात दिवसांसाठीं घर कोण देतो? दूध तापवून उतूं घालायचं, सामान लावायचं, आणि आठव्या दिवशीं निघायचं?"

दोन दिवस आमच्या घरात तळं, वाळू आणि सात दिवस यावर खल चालला. कुणालाच काही उमगलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं की रघु जूनमध्ये बायको-मुलीला घेऊन येतोय, आणि आपणही तसंच घर घ्यायचं. तळ्याकाठी, वाळूत, सात दिवस.

"कशाला पण? तुमचं एवढं घर आहे."

"शरि, तें असूं दे," काका म्हणाले. शरि म्हणजे बरं. एरवी प्रत्येक गोष्टीचं कारण इंचांत देणारा माणूस, यावेळी कारणच दिलं नाही. पत्राचं दुसरं पान त्यांनी वाचून दाखवलं नव्हतं. ते खिशात टेपच्या मागे होतं. हे मला नंतर कळलं.

पट्टुकोट्टैच्या पुढं, समुद्राला लागून खाजणाचं मोठं तळं आहे, आणि त्याच्या काठावर कोळ्यांची आणि मीठवाल्यांची वीस-पंचवीस घरं. काकांनी कुठूनसा पत्ता काढला. मला मे महिन्याची सुट्टी. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंच होतं. वाटेत बस ओरत्तनाडुला थांबली. तिथं कॉफी प्यायलो तेवढ्यात त्यांनी पेल्याची उंची मोजून घेतली.

घर बरं होतं. मालक चेट्टियार, साठीचा, सभ्य माणूस. तमिळमध्ये त्यानं हळूच विचारलं, "दहा दिवस की तेरा?"

"सात," काका भिंत मोजत म्हणाले.

"सातांत आटपेल?"

"आटपायचं कांहीं नाहीं. राहायचं."

चेट्टियार गोंधळला. समुद्राकाठच्या त्या गावात भटाब्राह्मणांची बिऱ्हाडं कशासाठी येतात ते त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो माझ्याकडे वळून आणखी हळू बोलला, "गेलं कोण?"

"कोणी गेलं नाही," मी म्हटलं. "येतायत. अमेरिकेहून."

"अमेरिकेहून आणतायत," चेट्टियार म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या लांबून. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. "काळजी करू नका. चांगला वाध्यार सांगून ठेवतो."

वाध्यार म्हणजे आमच्याकडे पुरोहित. काका तेव्हा पालथे पडून उंबरा मोजत होते. कशाला वाध्यार, हे न विचारता ते "शरि, शरि" म्हणाले. मला वाटलं, घरभरणीचं दूध उतू घालायला असेल. एकंदरीत तिथल्या तिघांपैकी कुणालाही कुणाचंही बोलणं कळलं नव्हतं, आणि सगळं ठरलं.

घरी येऊन काकांनी ते घर मापाबरहुकूम गच्चीवर उतरवलं. कचेरीतल्या इंग्रजी अक्षरांच्या साच्यांनी एकेकाची निजायची जागा लिहिली: रघु, सून, आणि पूर्वेच्या खिडकीशी मीना. मग तालीम सुरू झाली. कोण आधी उठणार, कोण कुठून न्हाणीघरात जाणार. मला सून केलं, आईला रघु. आईचे गुडघे दुखत, तरी बिचारी दारातून जा-ये करायची. शेजारची पाण्याची टाकी म्हणजे तळं. एकदा मी विचारलं, "काका, तुमची जागा कुठं?"

"मी बघतों," ते म्हणाले.

रघु यायला आठवडा उरला तेव्हा चेट्टियारचं कार्ड आलं. काकांनी ते तीनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. लिहिलं होतं: क्षमा असावी, गावच्या एका घरात काल मृत्यू झाला, माणसं दुरून आलीयत, घर त्यांना द्यावं लागलं. आपल्या अस्थि आहेत. त्यांना थोडा धीर धरता येईल.

"कोणाच्या अस्थि?" काकांनी विचारलं.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, तरी आवरेना. चेट्टियारचा सगळा घोळ समजावून सांगितला, आणि मग पाहिलं तर काका हसत नव्हते. त्यांनी टेपच्या मागून तो दुसरा कागद काढला.

रघुनं लिहिलं होतं: अप्पा, मनाला लावून घेऊ नका. मागल्या खेपेला मीना फार आजारी पडली. या वेळी आम्ही हॉटेलात उतरतो. रोज दिवसभर तुमच्याकडेच असू.

"कमोड बसवला," काका म्हणाले. "खिडक्यांना जाळी लावली. तसं कळवलं पण. आणखी काय बसवूं, सांग."

मी कागद त्यांच्या हातात परत दिला.

"माझ्या घरांत ते पाहुणे. पाहुणे उठून हॉटेलांत जाऊं शकतात. भाड्याच्या घरांत मी पण पाहुणाच कीं नाहीं? मग कोण कोणाला सोडून जाणार?" त्यांनी कागद घडी घालून परत ठेवला. "सात दिवस एका छपराखालीं निजले असते सगळे. एवढंच."

मघाशी हसले याची मला लाज वाटली. इतके दिवस मी त्यांना वेडा म्हणत होते.

मंडळी आली, हॉटेलात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आली. सून अदबीनं वागत होती आणि बाटलीचं पाणी पीत होती. काका खुर्चीच्या टोकावर बसून प्रवासाचे तास विचारत होते. मी कॉफी घेऊन गेले होते. मीना कधी जिना चढून गेली कुणी पाहिलं नाही. हाक ऐकू आली तेव्हा आम्ही सगळेच वर धावलो.

ती खिडकीशी, आपल्या नावावर, पाय जुळवून आडवी पडली होती. "हें माझं रूम," ती म्हणाली. मराठी तिला कळे, बोलता जेमतेम येई. "लेक कोठें?"

काकांनी शेजारच्या टाकीकडे बोट दाखवलं. तिनं वळून पाहिलं आणि तिला ते पटलं.

"अज्जा, तुझं रूम?"

तिनं उठून सगळ्या खोल्या हिंडून नावं वाचली, अज्जाचं कुठं सापडलं नाही. कठड्यापाशी चुन्याचा डबा आणि कुंचला अजून होता. तिनं आपल्या जागेला लागून एक चौकोन काढला. वाकडा, अर्धा स्वयंपाकघरात, मधली भिंत तोडून. केळीच्या पानाचा अर्धा इंच न सोडणारा माणूस तो. काकांचा हात खिशाकडे गेला, टेपवर क्षणभर थांबला, आणि रिकामाच बाहेर आला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

रघु त्या चौकोनाकडे बघत राहिला. मग बायकोशी जिन्यात काहीतरी इंग्रजीत बोलला. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग तो ऑटो आणायला गेला.

हॉटेलात त्यांच्या चार पेट्या होत्या. तासाभरानं रघु एकच घेऊन आला, पण ती सगळ्यांत मोठी होती. घामाघूम होऊन, ती डोक्यावर घेऊनच तो गच्चीवर चढला आणि मीनाकडे सरळ रेघा तुडवीत निघाला.

"रघु," काका म्हणाले. "दारांतनं ये, बाळा."

रघु थांबला. पेटी डोक्यावर तशीच धरून तो मागे गेला, फटीसमोर चपला काढल्या, आणि दारातून आत आला.